दारफाळणीचं आमंत्रण

शुक्रवारी दुपारी राहेल सिस्टर स्टूल घेऊन बाहेर आल्या की आमच्या गल्लीला कळायचं, आठवडा संपला. प्रार्थनालयाच्या फाटकावर रस्त्याच्या बाजूला एक काळा फळा टांगलेला होता. ओल्या फडक्यानं तो पुसायचा, वाळेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तब्येतीची चौकशी करायची आणि मग स्टुलावर चढून खडूनं लिहायचं: "उद्या शनिवार. सकाळी प्रार्थना. सर्वांनी वेळेवर यावे." अक्षर मोठं, सुटं, दवाखान्यात खाटेच्या पाट्यांवर लिहून लिहून झालेलं. लिहून झालं की दोन पावलं मागं जाऊन त्या वाचून बघायच्या आणि हात झटकायच्या. सूर्य मावळायच्या आत हे सगळं उरकायचं, कारण मावळला की त्यांचा शनिवार सुरू. मग लिहायचं नाही, चूल पेटवायची नाही.

मी साताऱ्याला बदलून आले तेव्हा हे "सर्व" कोण, असा प्रश्न मला पडला होता. मी पाटबंधारे खात्यात. माहेर रहिमतपूरचं. सदर बझारात प्रार्थनालयाच्या बरोबर समोर आम्हाला घर मिळालं. पहिल्या शनिवारी सकाळी मी मुद्दाम खिडकीत उभी राहिले. सिस्टर आल्या. त्यांचे यजमान सायमनराव आले, डोक्यावर मखमली टोपी. थोड्या वेळानं काठी टेकत हनोक काका आणि त्यांची बायको. मग कुणीच नाही. तासाभरानं चौघंही बाहेर आली, फाटकात उभी राहून हवापाण्याचं बोलली आणि पांगली.

पुढच्या शुक्रवारी फळ्यावर पुन्हा तेच होतं. सर्वांनी वेळेवर यावे.

मी एकदा विचारलं, "सिस्टर, चार माणसांसाठी लिहिता? फोन केला तरी चालेल की."

"कळवलेलं बरं असतं," त्या म्हणाल्या. "आपण कळवलं नाही म्हणून कुणी आलं नाही, असं व्हायला नको."

सिस्टर बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. त्यांचे पूर्वज कोकणातले. मग पलटणीत, पोलिसात, रेल्वेत, दवाखान्यांत नोकऱ्या करत ही मंडळी घाटावर आली. आडनाव नांदगावकर, घरात मराठी, सणाला पुरणपोळी, प्रार्थना मात्र हिब्रूत. त्यांच्या लहानपणी साताऱ्यात सणाला बसायला जागा पुरत नसे, असं त्या सांगायच्या. मग कुणी मुंबईला गेलं, कुणी पुण्याला, बरेच इस्राएलला. त्यांचा मुलगा नाथानही तिकडेच. गल्लीतले लोक त्या इमारतीला चर्च म्हणायचे, कुणी नुसतंच "त्या सिस्टरचं देऊळ" म्हणायचे. टपालवाला तर एका वर्षी नाताळाच्या शुभेच्छा देऊन गेला. त्यांनी त्याला पाणी दिलं, "तुम्हालाही," म्हणाल्या आणि तो गेल्यावर मला म्हणाल्या, "एवढ्या उन्हात तो आला. त्याला कुठं सगळा इतिहास सांगू?"

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. निवृत्त झाल्या तरी हात निवृत्त झाला नव्हता. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची त्यांना सवय होती. आपल्याला वाटायचं मायेनं धरलंय. माया असायचीच, पण बोटं नाडीवर असायची. माझ्या नवऱ्याच्या छातीतला बिघाड असाच फाटकात उभ्या उभ्या सापडला. भाजीच्या भावावर बोलणं चाललं होतं. त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, ह्यांना आज डॉक्टरकडे घेऊन जा. उद्या नको."

नवरा बरा होऊन घरी आला त्या दिवशी त्या मोठं ताट घेऊन आल्या. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळांचे काप आणि गुलाबाच्या पाकळ्या. त्याला मलिदा म्हणतात. त्यांनी एलियाहू पैगंबराला नवस बोलला होता, माझ्या नवऱ्यासाठी, मला न सांगता.

"तुमच्या देवाला आमच्या माणसाचा नवस चालतो?" मी विचारलं.

"त्याला काय आडनाव विचारायचं असतं का?" त्या म्हणाल्या.

खाण्यापिण्याचे नियम मात्र कडक. मटण जेवल्या की दुधाचा चहा नाही. मासा खवल्यांचाच. दारावर येणारी मासेवाली पाटी उतरवायच्या आधीच सांगायची, "ह्यातला ह्यो तुमचा न्हाई, सिस्टर. ह्याला खवलं न्हाईत. तुमचा म्या खाली ठेवलाय." आम्ही त्या माशाला सिस्टरचा मासा असंच म्हणायचो.

त्यांचा एक नियम मात्र मला शेवटपर्यंत पचला नाही. पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते जमले नाहीत तर पश्चिमेच्या भिंतीतल्या कपाटात ठेवलेली, कातड्यावर हातानं लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी, म्हणजे तोरा, बाहेर काढून वाचायची नाही. आणि कद्दीश म्हणायचा नाही. कद्दीश म्हणजे मेलेल्या माणसासाठी घरच्यांनी म्हणायची प्रार्थना. त्यात मरणाचा शब्दसुद्धा नाही, नुसती देवाची स्तुती आहे, असं त्या सांगायच्या. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. ऐकून "आमेन" म्हणायला मंडळी हवीत.

"आणि बायका?" मी विचारलं होतं.

"बायका धरत नाहीत." एवढंच म्हणून त्या दिव्यात तेल घालायला लागल्या. ती इमारत झाडायची, दिवे घासायचे, सणाचा फळा लिहायचा, कुणाला आणायचं, कुणाला पोचवायचं, पाहुण्यांचं जेवण, सगळं त्यांच्याकडे. मोजणीत मात्र त्या नव्हत्या.

सायमनराव एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. अबोल माणूस. प्रार्थनालयाची फरशी ते स्वतः पुसायचे आणि बाकांचे खिळे ठोकायचे. लॉकडाऊनच्या दिवसांत ते गेले. आजार तो नव्हता, झोपेतच गेले. पण दिवस ते होते. पुण्याहून कुणाला येता येईना, सांगली-मिरजेहून येता येईना. मुलगा परदेशात, विमानं बंद. परवानगी मिळाली मोजक्याच माणसांची. सिस्टरनी स्वतः आंघोळ-कफनाचं पाहिलं, हनोक काकांनी थरथरत्या हातानं मदत केली. खांदा दिला तो आमच्या शेजारच्या सुभेदारांनी आणि गल्लीतल्या तिघांनी. हे सुभेदार जाधव, कोरेगाव तालुक्यातले, पलटणीतून निवृत्त झालेले. तोंडाला मास्क, डोक्यावर रुमाल बांधलेला. पुण्याचे एक वडीलधारे फोनवरून प्रार्थना म्हणत होते आणि मी खड्ड्याच्या कडेला उभी राहून तो फोन धरला होता. मध्येच आवाज तुटायचा, पुन्हा यायचा. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, "राहेलबाई, कद्दीश राहिला. दहा जण असतील तेव्हा म्हणा."

"हो," सिस्टर म्हणाल्या.

नंतर पुण्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे तिथल्या प्रार्थनालयात, त्यांच्या भाच्यानं, डॅनियलनं, तो म्हटला. सिस्टरनी मला तसं सांगितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. पण सायमन कधी पुण्यात राहिला नाही. ज्या फरशीवर गुडघे टेकून त्यानं आयुष्य काढलं, तिथं एकदा व्हायला हवं."

पुढची काही वर्षं त्यांनी त्या एकाच गोष्टीसाठी खटपट केली. सणावाराला दहा जमवायचा प्रयत्न करायच्या. कधी सात व्हायचे, कधी आठ. एकदा आठ झाले आणि त्यातल्या एकाला मध्येच ड्यूटीवर जावं लागलं. फळ्याबरोबर आता त्यांनी फोनवर ग्रुपही काढला होता, सातारा आणि सांगलीकडच्या सगळ्या घरांचा. त्यात त्या लिहायच्या, "येत्या शनिवारी खिरीचा सण. नंतर अल्पोपाहार." लगेच हात जोडलेल्या चित्रांची रांग लागायची. इस्राएलला गेलेल्या बायका लिहायच्या, "साताऱ्याची फार आठवण येते." सिस्टर प्रत्येकीला उत्तर द्यायच्या, "तुमच्या आठवणीनं बाक भरत नाहीत, पण बरं वाटलं."

मग त्या वर्षी त्यांनी दारफाळणी ठरवली. दारफाळणी म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा उपास. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, पांढरे कपडे, दिवसभर प्रार्थना. जुन्या काळी त्या दिवशी लोक दारं लावून घरात बसत, म्हणून नाव दारफाळणी. साताऱ्यात ती प्रार्थना बऱ्याच वर्षांत झाली नव्हती. फळ्यावर त्यांनी पंधरवडाभर आधीच लिहिलं: "यंदा दारफाळणी साताऱ्यात. सर्वांनी अगत्य येण्याचे करावे."

त्या पंधरवड्यात मी त्यांना जेवढं बोलताना पाहिलं तेवढं कधीच पाहिलं नव्हतं. कराडचे दोघे भाऊ हो म्हणाले. मिरजेचे रेल्वेतले बाप-लेक हो म्हणाले. कोल्हापूरचे एक गृहस्थ तयार झाले. पुण्याहून डॅनियल आणि दोन वडीलधारे. इथले हनोक काका. नऊ झाले. आणि दहावे सांगलीचे मोझेस मामा.

मोझेस मामा रेल्वेत गार्ड होते. सिस्टरच्या आईचे मावसभाऊ. सांगलीत मुलीकडे, लियाकडे राहायचे. नावाजलेला गळा. सायमनरावांच्या लग्नात त्यांनीच प्रार्थना म्हटली होती. फोनवर ते म्हणाले, "मला न्यायला ये. मी येतो."

सणाच्या दोन दिवस आधी आम्ही दोघी त्यांना आणायला गेलो. एसटीनं. सिस्टर खुशीत होत्या. कराडच्या स्टँडवर त्यांनी मला भेळ खायला लावली, स्वतः चहा घेतला. कोण कुठं झोपणार, उपासाआधीच्या जेवणाला काय करायचं, हेच चाललं होतं. कोंबडीला नारळाचं दूध लावायचं, चपात्या, आणि उपास सोडायला काळ्या मनुकांचं सरबत आणि पुऱ्या.

सांगलीत लियाचं घर हळदीच्या वखारींच्या मागं. गल्लीत शिरलं की कपड्यांना वास लागतो. मोझेस मामा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर तयार होऊन बसले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, पायाशी पिशवी. लिया म्हणाली, "सकाळपासून असेच बसलेत. जेवायलासुद्धा उठले नाहीत."

"राहेल, एसटी किती वाजताची?" मामांनी विचारलं.

सिस्टर त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि हसत त्यांचं मनगट हातात घेतलं. मी बघत होते. हसू तसंच होतं, पण हळूहळू त्या बोलायच्या थांबल्या. मग त्यांनी वाकून मामांचा पायजमा जरा वर केला आणि सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"रात्री आडवं पडता येतं का, मामा?"

"उशा लावून बसतो. वयाचंच आहे. निघायचं ना?"

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?" हे लियाला.

लिया बापाकडे बघत म्हणाली, "प्रवास नको म्हणालेत. पण ते ऐकत नाहीत. तुला सांगू नको म्हणून शपथ घातली होती."

सिस्टरनी पायजमा खाली केला, नीट केला.

"मामा, यंदा राहू द्या."

"मग दहा कसे होणार?"

"होतील."

"कुठून होतील? मला सगळी नावं पाठ आहेत. मी नसलो तर नऊ." मामांचा आवाज चढला आणि धाप लागली. "तू इथं नर्स म्हणून आलीस, का सायमनची बायको म्हणून आलीस?"

सिस्टरनी पुन्हा त्यांचं मनगट हातात घेतलं.

"आले होते सायमनची बायको म्हणून, मामा," त्या म्हणाल्या. "पण तुमची नाडी हाताला लागली."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि लहान मुलासारखे रडायला लागले. लिया आत निघून गेली. सिस्टरनी त्यांची औषधं मागवली, एकेक बघितली, कुठली कधी घ्यायची ते लियाला पुन्हा समजावलं आणि मामांच्या पायाखाली उशी सरकवली. आम्ही जिना उतरत होतो तेव्हा वरून मामांचा आवाज आला. प्रार्थनाच म्हणत होते. गळा अजून तसाच होता.

परतीच्या एसटीत सिस्टर खिडकीशी बसल्या. इस्लामपूर गेलं. मग म्हणाल्या, "मी हात लावायला नको होता."

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढं धरली, ती त्यांनी मांडीवर ठेवून दिली.

"गाडी केली असती. मी शेजारी बसले असते. एक रात्र आणि एक दिवस. काढलाही असता त्यांनी, सुनंदा."

"आणि नसता काढला तर?"

"तेच," त्या म्हणाल्या. "तेच तर."

साताऱ्याला पोचल्या पोचल्या त्यांनी पुन्हा फोन सुरू केले. नगर, नाशिक, ठाणे. मोठ्या सणाला जो तो आपापल्या सिनेगॉगला बांधलेला. शेवटी डॅनियल म्हणाला, "मावशी, माझा मित्र जोएल येतो म्हणाला. त्याला घेऊनच येतो." सिस्टरनी फोन ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. सुभेदारांनी दोन दिवसांत प्रार्थनालयाच्या भिंतींना चुना काढला. मी चिंच लावून दिवे घासले. कपाटावर पांढरा पडदा लागला.

उपास सुरू व्हायच्या दुपारी माणसं यायला लागली. कराडचे, मिरजेचे, कोल्हापूरचे. गल्लीनं इतक्या टोप्या एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या. सिस्टरच्या घरात पंगत बसली. त्या वाढत होत्या आणि मध्ये मध्ये दारात येऊन रस्ता बघत होत्या. दिवस कलला तेव्हा डॅनियलची गाडी आली. मागच्या सीटवर पुण्याचे दोघे वडीलधारे होते. पुढची, ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती.

डॅनियल खाली उतरला आणि तिथंच उभा राहिला. "मावशी, जोएलच्या वडिलांना दुपारी छातीत दुखायला लागलं. तो बॅग घेऊन माझ्या दारात आला होता. तिथूनच दवाखान्यात गेला."

"कसे आहेत ते?" सिस्टरनी पहिलं हेच विचारलं.

"आयसीयूत आहेत."

"बरं केलं त्यानं. गेला ते बरं केलं." त्यांनी डॅनियलच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "पी. नंतर मिळायचं नाही."

ऊन अजिंक्यताऱ्याच्या कड्यावर तेवढं राहिलं होतं. पुरुष पांढरे कपडे घालून आत गेले. सुभेदार फाटकाशी उभे होते. त्यांनीही पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा, आणि डोक्यावर पांढरी टोपी. सिस्टर जवळ आल्या तसे ते खालच्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, मला धरा की. आमच्या पलटणीत माणूस कमी पडला तर दुसऱ्या कंपनीचा घ्यायचो. मी निसता हुबा ऱ्हातो. वळखतंय कोण?"

"तुम्ही साहेबांना खांदा दिलाय, सुभेदार. तुम्हाला कोण नको म्हणेल?" सिस्टर म्हणाल्या. "पण देवाला खोटी हजेरी कशी द्यायची?"

"व्हय. त्ये बी खरंच." सुभेदारांनी टोपी काढली नाही. "मग मी हितंच थांबतो भाईर. लेकरांचा गोंगाट व्हतोय, त्यो होऊ देत न्हाई."

आणि ते खरंच थांबले. गल्लीच्या तोंडाशी नवरात्राचा मांडव पडला होता. तिथं जाऊन त्यांनी कर्णा बंद करवला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तो वाजला नाही.

आत मी सिस्टरच्या शेजारी, बायकांच्या बाकावर. हनोक काका पुढं उभे होते. त्यांनी एकदा मागं वळून माणसं बघितली, ती सगळ्यांनीच मनात मोजलेली होती. मग ते सिस्टरकडे बघून म्हणाले, "राहेल, म्हणता येईल तेवढं म्हणतो."

"म्हणा, काका."

दुसरा अख्खा दिवस तसा गेला. कपाटाचा पांढरा पडदा उघडला नाही. पुरुष पुस्तकातून वाचत होते, मध्ये मध्ये काही भाग गाळत होते. मला हिब्रू कळत नाही, पण कुठं गाळलं ते कळायचं, कारण सगळे एकदम खाली बघायचे. सिस्टर पाण्याशिवाय ताठ बसल्या होत्या. दुपारी केव्हातरी त्या माझ्याकडे झुकल्या. बाकावर त्या, हनोक काकांची बायको, कराडची एक सून आणि मी.

"चौघी बसलोय ग इथं," त्या हळूच म्हणाल्या. "आणि माणसं कमी आहेत म्हणतात."

एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता. एखाद्या पेशंटचा ताप सांगावा तसं म्हणाल्या. मग सरळ होऊन पुन्हा पुस्तकात बघायला लागल्या.

शेवटी हनोक काकांनी सायमनरावांचं नाव घेऊन एक लहानशी प्रार्थना म्हटली, दहा नसतानाही म्हणतात अशी. कद्दीश नव्हे. अंधार पडल्यावर मेंढ्याच्या शिंगाचा शोफार फुंकला. कराडच्या धाकट्या भावानं फुंकला, दिवसभराच्या उपासानं त्याला दम पुरला नाही, पण आवाज निघाला. बाहेर सुभेदार उठून सावधान उभे राहिलेले मी दारातून पाहिले. सगळ्यांनी सरबत घेतलं, पुऱ्या खाल्ल्या. सिस्टरनी वाटेसाठी प्रत्येकाला पुऱ्यांची पुडी बांधून दिली आणि गाड्या गेल्यावर दोन्ही हात ओट्यावर टेकून उभ्या राहिल्या. मी जवळ गेले. त्या म्हणाल्या, "जा झोप. तुला सवय नाही उपासाची."

दुसऱ्या दिवशी त्यांच्यात शिळा सण असतो, लोकांना भेटायचं, गोड वाटायचं. त्या डबा घेऊन गल्लीत घरोघर करंज्या देऊन आल्या. प्रत्येकाचं मनगट धरून.

मोझेस मामा त्याच हिवाळ्यात गेले. सांगलीला त्यांच्या मातीला दहाच्या वर पुरुष जमले होते, पुण्या-मुंबईहून आलेले. सिस्टर गेल्या होत्या. परत येऊन म्हणाल्या, "चांगलं झालं सगळं. कद्दीश पण झाला." आणि बराच वेळ दिव्याची वात सारखी करत बसल्या. त्या गर्दीला तसंच साताऱ्याला आणता आलं असतं का, हे मी विचारलं नाही. त्यांच्याही मनात आलंच असणार. पण दुसऱ्याच्या दुःखाला आलेल्या माणसांना, आता जरा आमच्याकडेही चला, असं म्हणणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

पुढच्या पावसात प्रार्थनालयाचं छत पश्चिमेच्या कोपऱ्यात गळायला लागलं, नेमकं कपाटाच्या वर. हनोक काकांना आता दिसायचं कमी झालं होतं. पुण्याच्या मंडळींचा फोन आला. ते समजूतदारपणे बोलले, वाईट कुणीच बोललं नाही. तोरा तिथं भिजण्यापेक्षा इकडे आणलेली बरी, इथं दर शनिवारी वाचली जाईल, असं त्यांचं म्हणणं. सिस्टर सगळं ऐकून म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "बरोबरच आहे ग त्यांचं."

तोरा पोचवायला त्या गेल्या आणि पुण्यातच बाथरूममध्ये पाय घसरून खुबा मोडला. ऑपरेशन झालं. मुलगा नाथान इस्राएलहून आला आणि हिंडायला लागल्यावर त्यांना तिकडे घेऊन गेला. तिथं त्यांच्या गावात रस्त्यागणिक सिनेगॉग आहे म्हणे. दहा काय, शंभर पुरुष. फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "इथं मला काही कळवावं लागत नाही, सुनंदा. मी नाही गेले तरी सगळं होतं." हसल्या होत्या. आताशा त्यांना ऐकू कमी येतं. मी ओरडून बोलते, त्या भलतंच उत्तर देतात, मग आम्ही दोघी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवतो. टीव्हीवर तिकडच्या लढाईच्या बातम्या लागल्या की सुभेदार दारात येतात. "सिस्टरचा फोन आला का वं?" मी नाही म्हणते. ते थोडा वेळ उभे राहतात आणि जातात. दोघांनाही करण्यासारखं काही नसतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तोरा निघाली त्या सकाळी. डॅनियल गाडी घेऊन आला होता. ती आडवी ठेवायची नाही, खाली टेकवायची नाही, डिकीत तर नाहीच. कुणीतरी उभी धरून बसायला हवं. डॅनियलला गाडी चालवायची होती. हनोक काकांच्या हाताला कंप. ते म्हणाले, "राहेल, तूच धर आता. दुसरं कोण आहे?"

सिस्टर मागच्या सीटवर बसल्या. सायमनरावांच्या प्रार्थनेच्या शालीत गुंडाळलेली ती भलीमोठी गुंडाळी काकांनी आणि डॅनियलनं मिळून त्यांच्या मांडीवर उभी ठेवली. ती त्यांच्या डोक्यापेक्षा उंच होती. दोन्ही हातांनी त्यांनी तिला कवेत घेतलं आणि गाल टेकवला. आयुष्यभर त्या कपाटाची धूळ पुसली होती, पण हातात घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली असावी, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. डॅनियलनं वाकून बेल्ट लावला, तो दोघींना मिळून लागला.

मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "सिस्टर, पोचल्यावर फोन करा."

"परवा येते मी," त्या म्हणाल्या. "दिव्याचं तेवढं बघ."

गाडी निघाली. मी हात हलवला, सुभेदारांनी सलाम केला. सिस्टरना काही हात हलवता येईना. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. डॅनियलनं गाडी अगदी हळू केली, तरी जरा उसळलीच. मागच्या काचेतून दिसलं, त्यांनी डोळे मिटून मिठी आणखी घट्ट केली. मग गाडी मोठ्या रस्त्याला लागली.